जाताना एक, येताना दोन

तो पहिल्यांदा ऑफिसात आला, तेव्हा त्याला बघायच्या आधीच मी तीनदा शिंकले. शिवाजी पेठेतल्या माझ्या टूर्सच्या ऑफिसात उदबत्तीचा वास असतो, फार तर शेजारच्या वड्याच्या गाडीचा. हा दारात उभा राहिला आणि नाकात मिरचीच घुसली.

"माफ करा मॅडम. उचगावात मसाला कांडपाची गिरण हाय माझी. वास जात न्हाय अंगाचा."

"असू दे. बसा पावणं. काशी की रामेश्वर?"

"सर्बिया."

माझी चौथी शिंक नाकातच राहिली. दोन हजार बावीसचा नोव्हेंबर होता. आपल्या पासपोर्टवर सर्बियात तीस दिवस व्हिसाशिवाय जाता यायचं, पण ती सवलत वर्षअखेर बंद होणार अशी बोलवा उठली होती.

"व्हिसा खरंच लागत न्हाय?"

"नाही. तीस दिवस फिरायचं आणि परत यायचं. परतीचं तिकीट जवळ हवं."

"आणि तिथं कुणी कामाला लावलं तर?"

आता मात्र मी त्याच्याकडे नीट बघितलं. डोळे शांत, मिशी बारीक, बोटं हळदीनं पिवळी. दिसायला बरा होता, आणि मला त्याचाच जास्त संशय आला.

"कामाला परवानगी नाही. कामाचं डोक्यात असेल तर दुसरं ऑफिस बघा. नाव काय तुमचं?"

"प्रभुलिंग. आडनाव तिकिटाच्या येळेला सांगतो की."

आडनाव लपवणारा माणूस! माझं तोंड आधीच एकदा दुधानं पोळलेलं. फेब्रुवारीत एक मुलगा माझ्याकडून दहा दिवसांचं तिकीट काढून सर्बियाला गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या मामानं तक्रार दिली आणि मी तीन दिवस पोलिस ठाण्यात जबाब देत बसले. पेठेत बोभाटा झाला, की अनुजा माणसं पळवते. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तेव्हाच सांगून टाकलं होतं, "अजून एक माणूस हरवलं तर ऑफिसला कुलूप." त्यामुळे मी ताक काय, पाणीसुद्धा फुंकून पीत होते.

पण हा येतच राहिला. चार आठवड्यांत सहा वेळा! दर वेळी तेच प्रश्न, नुसते उलटेपालटे करून. तीस दिवसांचे एकतीस झाले तर? तुम्ही सगळ्यांना हेच सांगतासा? कुणाला कधी येगळं सांगितलंय? मी उत्तर देताना तो माझ्या तोंडाकडे असा बघायचा, जणू मीच काही लपवतेय. मला राग यायचा. आणि तो बहुतेक गुरुवारी यायचा, म्हणून गुरुवार आला की मी उगीचच दोनदा आरशात बघायचे, त्याचाही राग यायचा.

एकदा कागदात बांधून मूठभर चटणी ठेवली त्यानं टेबलावर.

"लाच आहे का ही?"

"चटणी हाय. डब्यात भाजी नुसतीच उकडल्यावानी असती तुमच्या... दिसली म्हणून आणली."

"माझ्या डब्यातसुद्धा चौकशी?"

"चौकशीशिवाय मी मिरचीबी घेत न्हाय मॅडम," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

डिसेंबर लागला तसा तो म्हणाला, "काढा तिकीट. जाताना एक, येताना दोन."

"दोन?"

"येताना माझ्यासंगं आपलं माणूस असणार हाय."

आपलं माणूस! म्हणजे तिथली बाई. आता कळलं आडनाव का लपवत होता ते. माझ्या डोक्यात दोन दिवस कांडप चाललं होतं. गिऱ्हाइकाचं लग्न झालं काय न् नाही काय, मला काय करायचंय, असं मी स्वतःला बजावलं. 

तिसऱ्या दिवशी तो आल्यावर मी कोरड्या आवाजात म्हटलं, "दुसऱ्या तिकिटाला पासपोर्टची प्रत लागते. आणा त्या बाईंची."

"बाई?" त्यानं माझ्याकडे बघितलं... जरा जास्तच वेळ बघितलं. मग खिशातून दोन कागद काढून पुढे सरकवले.

वरचा त्याचा, प्रभुलिंग हुक्केरी. खालच्यावर शिवशरण हुक्केरी, आणि फोटो माझ्या ओळखीचा. फेब्रुवारीत हरवलेला तोच मुलगा.

"धाकटा भाऊ माझा," तो हळूच म्हणाला. "तिथं बांधकामावर हाय. दर रविवारी फोन करून सांगतो बरं चाललंय म्हणून. आव्वा, आमची आई, फोन ठेवून रडती. गावाला तोंड कसं दाखवू म्हणतो, म्हणून येत न्हाय. कुणीतरी हाताला धरून आणाय पायजे. माझा पासपोर्टच ऑक्टोबरात आला."

"म्हणजे महिनाभर तुम्ही इथं..."

"मामा म्हणाला, टूर्सवालीनंच काम देतो म्हणून फसवलं. मला तुमच्या तोंडून खोटं ऐकायचं हुतं." त्यानं एक चुरगळलेला लिफाफा काढला. तिकीट देताना प्रत्येकाच्या लिफाफ्यावर मी हातानं लिहिते, तसं त्यावर लिहिलं होतं: तीस दिवस. काम करायचं नाही. परतीचं तिकीट सांभाळा. "हे शिवाच्या कपाटात घावलं. पण लिहाय काय, कुणीबी लिहितंय. बोलताना काय बोलतासा ते बघायचं हुतं."

मला रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी शिंकले.

"मुदत उलटलीय त्याची. तिथं विचारपूस होईल, दंडही होईल कदाचित," मी कीबोर्ड बडवत म्हटलं. "चोवीस तारखेला परत या. दोघंही."

नवा लिफाफा देताना बोटं लागली. आमच्यातलं कुणीच घाईनं हात काढला नाही.

चोवीस तारीख गेली. पंचवीस गेली. त्याचा फोन बंद. आण्णा नुसते कुलपाकडे बघत होते. मी मात्र कुलपाचा विचारच करत नव्हते. गेला, हाही गेला, एवढंच मनात येत होतं, आणि तो मला किती हवा होता ते तेव्हा कळलं.

सव्वीसला दुपारी मी शिंकले. मान वर केली. या वेळी मिरची नव्हती, गुलाल होता. दारात प्रभुलिंग डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी, आणि मागे मान खाली घातलेला शिवशरण.

"दंड भरण्यात दोन दिस गेलं. आव्वाचा नवस हुता. उतरलो ते थेट जोतिबाला. फोन सर्बियातच बर्फात पडला बघा," तो म्हणाला.

शिवशरण पुढे आला. "माफ करा मॅडम. तुम्ही सांगितलं हुतं. मीच ऐकलं न्हाय."

"आधी आण्णांना तोंड दाखव जा. शेजारीच बसलेत," मी म्हटलं. तो गेला.

आता आम्ही दोघंच उरलो.

"तुमचं काम झालं. आता कशाला थांबलासा?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"लोक स्थळाची चौकशी मामाला लावून करत्यात. मी सोता महिनाभर केली. खोटं बोलताना एकदाबी सापडला न्हाईसा..." तो अडखळला. "मला तुम्ही आवडतासा, अनुजा."

"तुमची चौकशी झाली. माझी राहिलीय. रविवारी आण्णांना घेऊन उचगावला येते. गिरण बघणार, आव्वांना भेटणार, सगळं विचारणार. जाताना दोघं, येतानाही दोघं."

"आणि पुढच्या खेपेला?"

मी टेबलावरचा गुलाल पुसला.

"पुढच्या खेपेला आण्णा एकटे परत येतील."