शून्य नावीन्याची माफी

"मॅडम, तुमच्या यंत्रानं माझं पत्र गिळलं!"

भूपाल मगदूम दारातूनच बोलले. कोल्हापूरच्या पूर्वबोध संदेशवहन प्रयोगशाळेत येणारे लोक आधी चपला काढत आणि मग तक्रार करत. मगदूमांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या.

डॉ. हेमांगी टिकेकरने पडद्यावरून नजर उचलली. मगदूम हे प्रयोगशाळेचे पहिले ग्राहक. शिरोलीला त्यांची फौंड्री होती. तिथे पंपांची लोखंडी आवरणं ओतली जात आणि राज्यभरातल्या त्रेचाळीस कारखान्यांना जात.

"कोणतं पत्र?" तिने विचारलं.

"माफीचं." मगदूमांनी आवाज खाली आणला. "आठ दिवस खपून लिहिलं. आज सकाळी पाठवलं. मापकावर आकडा आला शून्य. म्हणजे गेलंच नाही की ओ!"

"कुणाला पाठवलंत?"

"नाशिकच्या पंडित शेजवळला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि दोस्त त्याच्याही आधीचा. मार्चमध्ये त्याला चारशे आवरणं पाठवली, त्यांना आतून भोकं निघाली. तो म्हणाला, तुझ्या ओतकामात हवा राहिली. मी म्हटलं, तुझ्या माणसांनी ड्रिल वाकडं मारलं. झालं! आता आज संध्याकाळी पाच वाजता तो कोइमतूरच्या फौंड्रीशी वर्षाचा करार करतोय. माझ्या भट्टीचं निम्म्याहून जास्त काम त्याचं हाय. ते गेलं तर साठ माणसं मला घरी बसवावी लागतील."

घड्याळात पावणेतीन वाजले होते.

हेमांगीचा सहकारी इरफान मुल्ला शेजारच्या टेबलावरून म्हणाला, "अण्णा, शून्य म्हणजे गेलं नाही असं नव्हे. शून्य म्हणजे पाठवावं लागलं नाही."

"ह्यात फरक काय?"

"बराच आहे," हेमांगी म्हणाली. "वाचणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा सांगण्यात माहिती नसते. तुम्ही दर सोमवारी शेजवळांना 'आपण सर्व कुशल असाल' असं लिहिता. ते तारेवरून कशाला पाठवायचं? म्हणून तुमच्या जुन्या पत्रव्यवहारावरून आम्ही तुमचं प्रतिरूप बनवलं. गणिताचा पुतळा म्हणा. त्याची एक प्रत तुमच्या यंत्रात आणि हुबेहूब तशीच प्रत प्रत्येक गिऱ्हाइकाच्या यंत्रात. तुम्ही काय लिहाल ते तिकडचा पुतळा आधीच लिहून काढतो. तुमचं खरं पत्र त्याहून जितकं वेगळं निघेल, तेवढा फरकच फक्त तारेवरून जातो. त्या फरकाला आम्ही नावीन्य म्हणतो. नावीन्यमापक तेच बिटांमध्ये मोजतो."

जालसेवा कंपन्या पत्राच्या लांबीऐवजी नावीन्यावर पैसे आकारू लागल्या, तेव्हापासून सगळा व्यापार या पद्धतीवर आला होता. पहिल्याच वर्षी सिद्ध झालं की व्यापारी पत्रव्यवहाराच्या सत्त्याण्णव टक्के भागात काहीच नसतं. हेमांगीने त्यावर शोधनिबंध लिहिला. व्यापारी संघाने तिचा सत्कार केला. निबंध तिथल्या कुणी वाचला नव्हता.

"अहो, पण मी जन्मात कुणाची माफी मागितली नाही," मगदूम म्हणाले. "बायकोचीसुद्धा नाही. मग पुतळ्याला ते सुचलं कसं?"

इरफानने नोंदी उघडल्या. "सलग बारा पत्रांत तुम्ही त्याच एका ड्रिलला शिव्या घातल्यात. प्रत्येक पत्रात आधीपेक्षा थोड्या कमी. तेराव्यात तुम्ही नमणार हे त्यानं ताडलं. हे बघा, 'पंडित, चूक झाली, पोटात घाल.' एकोणीस दिवसांपूर्वीच पोचलंय."

"शब्दन् शब्द हेच लिहिलंय मी! पण एकोणीस दिवसांपूर्वी मी कुठं पाठवलं होतं?"

"नाकारलंही नव्हतं."

हेमांगीला जरा अवघडल्यासारखं झालं. पुतळ्याने लिहिलेल्या पत्रांची यादी रोज संध्याकाळी मालकासमोर येई. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत मालकाने हरकत घेतली नाही, तर ती पत्रं त्याचीच मानून गिऱ्हाइकांना दिली जात. या नियमाला इरफानचा विरोध होता. नियम हेमांगीने केला होता, आणि तोही खुद्द मगदूमांच्या सांगण्यावरून. 'आमच्या धंद्यात माणूस गप्प बसला म्हणजे पटलं,' असं ते पहिल्याच बैठकीत म्हणाले होते.

"तुम्ही यादी वाचता ना?" तिने विचारलं.

"कोण वाचतंय? साठ-साठ पत्रं असतात!" मगदूम म्हणाले आणि मग थबकले. "थांबा. माफी जर पोचलीय, तर पंडित कोइमतूरला कशाला चाललाय?"

ते पंडितलाच विचारणं सोपं होतं. इरफानने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"पंडित, माझी माफी मिळाली का रे?"

"मिळाली ना. एकोणीस दिवस झाले."

"मग?"

"मग काय मग? खाली शून्य लिहिलंय. म्हणजे माफी तुझ्या पुतळ्याने मागितली. त्याच्याशी माझं भांडण नाहीये, भूपाल. फार सज्जन आहे तो."

"आत्ता मी स्वतः मागतो की. ऐक—"

"फोनवर नको. फोनवर मागशील आणि दिवाळीला म्हणशील, मी असं बोललोच नाही. तीस वर्षं ओळखतो तुला. लेखी दे. आणि शून्य चालणार नाही. पाचपर्यंत थांबतो."

फोन बंद झाला. मगदूमांनी बाह्या सरसावल्या आणि हेमांगीच्या यंत्रासमोर जाऊन बसले.

'हात जोडून माफी मागतो' असं त्यांनी लिहिलं. मापकावर शून्य आलं. 'पाया पडतो' लिहिलं. शून्य. 'मी गाढव आहे' असं लिहिलं, त्यालाही शून्यच.

"हे पण त्याला ठाऊक?" मगदूम दुखावले.

"हे तुम्ही दुसऱ्यांना शेकडो वेळा लिहिलंय," इरफान म्हणाला. "त्यानं फक्त नाव बदललं."

मगदूमांची आई निपाणीची. त्यांनी सगळी माफी कन्नडमध्ये लिहिली. मापक हलला आणि दोनवर थांबला.

"आले की दोन!"

"ते भाषा बदलल्याचे आहेत," हेमांगी म्हणाली. "मजकुराचा एकही नाही. शिवाय, शेजवळांना कन्नड येतं का?"

"न्हाई."

इरफानला एक कल्पना सुचली. त्याने कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला, डोळे मिटून तीन ठिकाणी उघडला आणि बोट ठेवलेले शब्द वाचले. "अभ्रक. बारदान. पाणघोडा. हे लिहून बघा, अण्णा."

मगदूमांनी लिहिलं. मापक एकदम अठ्ठावन्नवर गेला. हेमांगी 'थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी आनंदाच्या भरात पत्र पाठवूनही दिलं.

मिनिटाभरात नाशिकहून फोन आला. "भूपाल, शुद्धीवर आहेस ना? पाणघोडा कसला?"

"तुझ्यासाठी लिहिलाय! नावीन्य बघ की किती हाय!"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

"नावीन्य फासे टाकूनही मिळतं," हेमांगी म्हणाली. "त्यात अर्थ नसतो. तुमची अडचण अशी आहे की ज्याला अर्थ आहे ते पुतळ्याला ठाऊक आहे, आणि जे त्याला ठाऊक नाही त्याला अर्थ नाही."

साडेचार झाले. मगदूम खुर्चीत मागे रेलले. दारातून बोलणारा माणूस आणि हा माणूस एकच आहे असं आता वाटत नव्हतं.

"मुल्लासाहेब," ते म्हणाले, "फौंड्रीत चला कधीतरी. भट्टी बंद केली तर कशी दिसते ते दाखवतो. आपल्या घरातलं कुणी गेल्यावाणी दिसती."

इरफानने शब्दकोश मिटला.

"मगदूमसाहेब," हेमांगीने हळूच विचारलं, "ड्रिल खरंच वाकडं होतं का?"

"नव्हतं."

"मग भोकं कशानं पडली?"

मगदूम आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले.

"जे असेल ते तुम्ही कुठे लिहिलंय? कुणाला बोललाय?"

"कुणालाच नाही. घरीसुद्धा."

"मग ते पुतळ्याला ठाऊक असणं शक्यच नाही."

मगदूम पुढे सरकले. त्यांना एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहायची सवय होती, त्यामुळे ऐकायचं नाही असं ठरवूनही दोघांना ऐकू येत होतं.

"पंडित, साच्याच्या वाळूतला ओलावा मोजायचं यंत्र आपल्याकडं आहे. त्या दिवशी मी ते बंद ठेवायला लावलं. आमचे दादा वाळू मुठीत दाबून ओलावा सांगायचे. चाळीस वर्षं मीही सांगत आलो. पण साखरेच्या दुखण्यानं दोन वर्षं झाली, माझ्या बोटांना काही कळत नाही. वाळू ओली होती, तिच्याच वाफेनं भोकं पडली. मूठ म्हणाली, कोरडी आहे. पोरांपुढं हे कबूल करवेना, म्हणून तुझ्या ड्रिलवर ढकललं."

मापक पहिल्याच वाक्याला हलला होता. आता त्याचे आकडे वाचता येऊ नयेत इतक्या वेगाने पळत होते. ते थांबले एक हजार सहाशे बारावर.

"माफी मागायची राहिली," इरफान पुटपुटला.

"ती आधीच गेलीय," हेमांगी म्हणाली.

पाचला चार मिनिटं कमी असताना उत्तर आलं. 'कोइमतूरकरांना चहा पाजून परत पाठवतोय. यंत्र चालू कर, मूठ घरी ठेव. आणि बोटं डॉक्टरला दाखवलीस का, मूर्खा?' खाली नावीन्य होतं दोनशे सात. मगदूमांनी ते तीन वेळा वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं.

ही गोष्ट शनिवारची.

सोमवारी दुपारी साडेबाराला मगदूम पुन्हा आले. या वेळी चपला पायातच होत्या.

"त्रेचाळीस! त्रेचाळीस गिऱ्हाइकांना गेलं, मॅडम!"

"काय गेलं?"

"कबुलीजबाब! प्रत्येकाला वेगळा! सांगलीच्या जोशीलकरांना गेलंय, 'गाडी निघाली असं कळवलं तेव्हा गाडी गॅरेजात होती.' बारामतीला गेलंय, 'वीज नव्हती असं म्हटलं त्या दिवशी वीज होती, मी लग्नाला गेलो होतो.' अशी बेचाळीस, आणि वर पंडितला आणखी एक!"

इरफानने नोंदी उघडल्या आणि एकेक पत्र वाचून काढलं. शेवटी म्हणाला, "अण्णा, पुतळा एकच असतो. एका प्रतीत सुधारणा झाली की सगळ्या प्रतींत होते, नाहीतर जगात त्रेचाळीस मगदूम होतील. शनिवारपर्यंत त्याच्या गणितात, तुम्ही आपणहून खरं सांगाल याची शक्यता जवळपास नव्हतीच. शनिवारी तुम्ही सांगितलंत. मग त्यानं हिशेब केला की हा माणूस आता बाकीचंही सांगेल."

"पण गाडी गॅरेजात होती हे त्याला काय ठाऊक?"

"'निघाली' म्हणून लिहिल्याची तारीख त्याच्याकडे आहे. माल पोचल्याची पावतीही आहे. सांगलीला पोचायला गाडीला नऊ दिवस लागत नाहीत. गॅरेजला आणि लग्नघरी तुम्ही लिहिलेली पत्रंही त्याच्याकडे आहेत."

"यादी शनिवारी संध्याकाळी आली असेल," हेमांगी म्हणाली. "काल बारापर्यंत हरकत घ्यायची होती."

"काल आम्ही घरची सगळी बाहुबलीला दर्शनाला गेलो होतो."

"म्हणजे गप्प होतात," इरफान म्हणाला.

हेमांगीने विचारलं, "पत्रांतलं काही खोटं आहे का? खोटं असेल तर लगेच दुरुस्ती पाठवता येईल."

"खोटं असतं तर काळजी कशाला केली असती? सगळं खरं हाय!" मगदूम यंत्रासमोर बसले. "ते काही नाही. नाकारून टाकतो." आणि ते मोठ्याने उच्चारत लिहू लागले. "कालचे पत्र यंत्राने परस्पर पाठवले असून त्यावर विश्वास ठेवू नये."

त्रेचाळीस नावं निवडून त्यांनी कळ दाबली. तिघांनी मापकाकडे पाहिलं.

शून्य.

"आता हे काय?"

हेमांगीला उत्तर कळलं होतं, पण सांगवेना. शेवटी इरफाननेच सांगितलं. "तुम्ही नाकारणार हे त्यानं ओळखलं, अण्णा. काल संध्याकाळच्या यादीत होतं. आज बारा वाजता गेलं. तेव्हा तुम्ही इकडे यायला निघाला असाल."

"म्हणजे गिऱ्हाइकांकडे कबुली आहे आणि नकारही आहे? मग ते धरणार काय?"

"कबुली ज्यांना पटली नसेल, त्यांना तुमचा नकार वाचून पटली असेल."

तेवढ्यात पडद्यावर उत्तरं येऊ लागली. शून्याची नव्हती. माणसांनी स्वतः लिहिली होती. पहिलं सांगलीचं होतं. मगदूमांना वाचायचा धीर होईना, म्हणून हेमांगीने वाचलं.

"'गाडीचं आम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. कबूल कराल असं मात्र वाटलं नव्हतं. या महिन्यात दोनशे आवरणं जास्त पाठवा.'"

मगदूम ताठ बसले. "जास्त? खरंच जास्त म्हणतोय?"

"'पुढची गाडी कधी निघेल ते कळवावं,'" हेमांगी पुढे वाचू लागली आणि तिला हसू आवरेना. "'मात्र आपण स्वतः लिहिण्याची तसदी घेऊ नये. पुतळ्याला कळवू द्यावं.'"

बारामतीचंही तेच म्हणणं होतं. साताऱ्याचंही. शेजवळांनी एवढंच लिहिलं होतं, 'सांगितलं होतं ना, सज्जन आहे.'

मगदूमांनी सांगलीचं पत्र आता स्वतः वाचलं. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने खिशातून फोन काढला, फौंड्रीला लावला आणि ओरडले, "सांगलीची गाडी भरायला घ्या! आत्ताच्या आत्ता! अरे, तो पुतळा तिकडं सांगून मोकळा झाला असणार, अजून भरली नाही म्हणून!"