किशन मास्तरांची इजाजत

भुताला भिणारा माणूस आपण नव्हे. उभ्या सेलूत मी हे छाती ठोकून सांगत आलोय. फक्त घरात सांगत नाही, कारण दिवेलागण झाल्यावर मी परसाकडं निघालो की बायकोला पुढं कंदील धरून चालावं लागतं, आणि ती बाई खोटं बोलत नाही. तेव्हा माझं राहू द्या. वात जरा वर करा आणि भुजंगाचं ऐका.

भुजंग आमच्या बन्सीधरच्या बँडात सॅक्सोफोन वाजवायचा. गाल भोपळ्यासारखे, फुंक बैलाची. खोट दोनच. सूर चढा लागायचा आणि ठेका पळायचा. त्यातून मांडवातल्या बुंदीचा वास नाकात शिरला तर विचारूच नका. मागच्या लग्नात तो असा सुटला की ढोलवाला त्याच्या मागं, घोडा ढोलवाल्याच्या मागं आणि वरमाई घोड्याच्या मागं. नवरदेव मुहूर्ताच्या पाऊण तास आधी मांडवात हजर. नवरी अजून न्हाणीत होती.

त्याच दिवशी बन्सीधरनं निकाल दिला. "भुजंग्या, तुळशीचं लगीन झालं की पयलं काम वालूरचं हाय. तवर एक मेट्रोनोम घे, ठेका धरायला. एक ट्यूनर घे, सूर मिळवायला. न्हाई जमलं तर सॅक्सोफोन माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात, आन् तू खुळखुळे हलव."

खुळखुळे! भुजंगाच्या घशाखाली भाकर उतरेना. खुळखुळेवाल्याला लोक पंगतीत बसा सुद्धा म्हणत नाहीत. तो बँडातला आहे हेच कुणाच्या ध्यानात नसतं.

ही असली यंत्रं जिल्ह्यात एकाच घरी होती. चारठाण्याचे किशन मास्तर. निजामाच्या पोलीस बँडात वाजवून आलेले, हैदराबादी अदबीचे, फार कडक. ते वारून वर्ष झालं होतं आणि त्यांची बायको धुरपताबाई सामान विकायला बसली होती. भुजंग आणि त्याची बायको कमलबाई सकाळीच निघाले. नामांतराच्या आंदोलनात रस्ता अडवलेला, एसटी देवगाव फाट्यालाच थांबली. पुढं सॅक्सोफोन खांद्यावर घेऊन पायी. चारठाण्यात पोचले तेव्हा उन्हं बरोबर डोक्यावर आली होती. सावली पायाखाली गेलेली. गल्लीत कुत्रं नाही, माणूस नाही.

धुरपताबाईच्या माजघरात मात्र संध्याकाळ असल्यासारखा अंधार होता. पितळ घासायच्या चिंचेचा वास, आणि त्याच्याखाली कुठंतरी हिना अत्तराचा. भिंतीवर मास्तरांचा फोटो. मिशा फोटोतही इस्त्री केलेल्या.

म्हातारीनं घोंगडीवर चार वस्तू मांडल्या. ठेक्यासाठी दोन: एक सेलावरची चिमुकली जपानी पेटी, एक देवळाच्या शिखरासारखी लाकडी, चावी दिली की पोटातली दांडी डावी-उजवी डोलणारी. सुरासाठीही दोन: एक लोखंडी चिमटा, आपटला की सूर देणारा, एक काट्याची डबी. सूर बरोबर लागला की काटा मधोमध उभा.

"जावयानं आणली होती डबी," ती म्हणाली. "ह्यांनी मरायच्या आधी आठ दिवस वापरली. निवड बाबा."

भुजंगानं आधी चिमटा घेतला आणि गुडघ्यावर आपटला. सूर निघाला तो भुजंगाच्या तोंडातून. कमलबाई म्हणाली, "आवं, ह्यो तुमचा आजवरचा सगळ्यात शुद्ध सूर." मग जपानी पेटी लावली. ती टिकटिक करीत राहिली आणि भुजंग दुसऱ्याच ओळीत तिच्या पुढं निघून गेला. "बिचारी दमली बगा," कमलबाई म्हणाली.

आता राहिली लाकडी. आणि इथंच भुजंगानं शहाणपणा केला. म्हातारीला खूश करावं म्हणून तो फोटोसमोर उभा राहिला. जुन्या बँडवाल्यांची रीत असते; उस्तादापुढं वाजवायच्या आधी दोन्ही कानांच्या पाळ्या धरायच्या आणि परवानगी मागायची. भुजंगानं पाळ्या धरल्या, मान लववली. "उस्ताद, इजाजत है?"

धुरपताबाईच्या हातातला सुपारीचा अडकित्ता थांबला. "काय बोललास...?"

"रीत हाय मावशी."

"रीत मला बी ठावं हाय. जो इजाजत मागतो त्यो शागीर्द होतो. ह्यांना उभ्या जल्मात शागीर्द टिकला न्हवता रे..."

भुजंग हसला. घोंगडीवर बसून चावी दिली, दांडी सोडली. टक्... टक्... टक्. त्यानं वाजवायला घेतलं. चौथ्या ओळीत ठेका पळाला आणि दांडी थांबली. मध्येच, तिरकी, हवेत. भुजंग थांबला. त्यानं पहिल्यापासून घेतलं, तशी दांडी आपली आपण चालू झाली. पुन्हा पळाला, पुन्हा थांबली.

"कमान ढिली असल," तो पुटपुटला.

"कमान ढिली म्हून दांडी अशी हवेत थांबती व्हय?" कमलबाई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आन् त्या डबीकडं बगा..."

सॅक्सोफोन भुजंगाच्या मांडीवर पडलेला. घरात चिटपाखरू बोलत नव्हतं. आणि डबीतला काटा सावकाश सरकत मधोमध आला आणि उभा राहिला. थरथर नाही, हालचाल नाही. कुणीतरी, कानाला ऐकू येत नव्हता असा, एक लांबलचक शुद्ध सूर लावून धरला होता. हिन्याचा वास आता अगदी जवळ होता. भुजंगानं घाबरत आपला सूर लावला. काटा झटकन बाजूला पडला, चारचौघात कुणी तोंड फिरवावं तसा.

कुणीही शहाणा माणूस तिथून पळाला असता. पण भुजंगाच्या डोळ्यांपुढं खुळखुळे नाचत होते. त्यानं दोन्ही वस्तू उचलल्या. धुरपताबाईनं भावसुद्धा केला नाही. उलट वाटेसाठी शेंगदाण्याचे लाडू दिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचवायला आली. एवढा पाहुणचार बघूनच माणसानं ओळखायला पाहिजे होतं.

पंधरा दिवस भर दुपारी रियाज चालला. चुकलं की दांडी थांबायची. फार चुकलं की घोट्यावर बारीक छडीसारखं काहीतरी लागायचं. कमलबाईनं एका जेवणात आपोआप एक ताट जादा वाढलं आणि मग स्वतःच दचकून उचललं. पण काटा मात्र हळूहळू भुजंगाच्या फुंकेलाही मधोमध उभा राहायला लागला.

वालूरला नवरदेव मारुतीच्या पारावरून निघाला. काय वाजवलं म्हणता भुजंगानं! बन्सीधरनं ढोलवाल्याला मिठी मारली. घोडा तालात, वरमाई तालात. मांडव जवळ आला. बुंदीचा घमघमाट सुटला. भुजंगाचा ठेका तसूभर हलला नाही.

मांडव आला. भुजंग थांबला नाही.

पोलीस बँड हुकमाशिवाय थांबत नसतो. भुजंग मांडवावरून पुढं गेला, त्याच्या मागं बँड, बँडामागं घोडा, घोड्यावर नवरदेव, मागं दोनशे वऱ्हाडी. ठेका इतका पक्का की कुणाला थांबावंसंच वाटेना. नवरी मांडवाच्या दारात हार घेऊन उभी, तिच्यासमोरून सगळं लगीन तालात निघून गेलं. भुजंगाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बोटं त्याची राहिली नव्हती. गाव संपलं, ज्वारीची रानं लागली. भटजी मागून मुहूर्त मुहूर्त ओरडत पळत होता. शेवटी नवऱ्यासोबत आलेली कमलबाई वऱ्हाडातून पळत पुढं येऊन आडवी गेली, भुजंगाच्या जरा बाजूला बघत आपल्या कानांच्या पाळ्या धरल्या आणि ओरडली, "उस्ताद, बास!"

बोटं सुटली. सगळं वऱ्हाड उलटं पळालं आणि मुहूर्त जेमतेम दोन मिनिटं उरली असताना गाठला.

बन्सीधर म्हणाला, "सॅक्सोफोन तुझाच. पर ज्यानं शिकवलं त्याला सोडून ये."

दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको चारठाण्यात. भुजंगानं लाकडी शिखर आणि डबी धुरपताबाईच्या उंबऱ्यावर ठेवली. "मावशी, परत घ्या. पैसं बी नगं. माझं शिकून झालं."

म्हातारीनं वस्तूंकडं पाहिलंही नाही. ती भुजंगाच्या खांद्यावरून मागं बघत होती. मग हळूच उठली, खांद्यावरचा पदर डोईवर घेतला आणि घरधनी दारात आल्यावर जुन्या बायका करतात तशी वाट सोडून अंग चोरून भिंतीला टेकली.

"तुझं झालं असल रे लेकरा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पर ह्यांचं काय म्हननं हाय, ते मागं वळून तूच इचार की."