चोरानं टेप का सोडला?

"चोरी झालीय, ताई. पर काय गेलं ते सांगायची लाज वाटती," गोरख म्हणाला. "गाडीतली चटई."

हनुमंतमामांनी हसू आवरलं. राजनंदिनी शिळीमकर मात्र हसली नाही. पुण्यात विम्याच्या दाव्यांचा तपास करण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. आता भोरच्या एसटी स्टँडसमोर, कापडदुकानाच्या माडीवर तिनं खासगी तपासाचं स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. भाचीची गाडी तेच चालवत. आपलं डोकं तिच्या एक थांबा मागं असतं, हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

गोरख वेल्ह्याचा. तोरण्यावर येणाऱ्या पर्यटकांची ने-आण करायला त्याला सात सीटची गाडी हवी होती. कामथडीजवळ हायवेला मानसिंगचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. तिथली एक पांढरी गाडी त्याच्या मनात भरली.

"पर घाटातनं माणसं न्यायची. मिस्त्रीनं बघितल्याबिगर घ्यायची न्हाई, असा बायकोला शब्द दिलाय. मंगळवारी लियाकत मिस्त्रीला घेऊन गेलो, तर गाडीवर ताडपत्री. रातच्याला कुणीतरी मधल्या सीटखालची चटई उपटून नेली म्हनं. शनवारी पुन्हा गेलो, तर पुन्हा ताडपत्री, आन् मधल्या दोन्ही दारांची रबरं गायब."

"गाडीतला टेप?"

"नवाकोरा हाय. जागच्या जागी."

"बॅटरी, काचा, कुलूप?"

"समदं धड."

"मग मानसिंग काय म्हणतो?"

"वॉचमननंच केलं म्हनतो. धनाजी त्याचं नाव, उत्रोलीचा. उद्यापास्नं त्याला काढून टाकनार. आन् मला म्हनला, पाहणीच्या नादात गाडीचं वाटोळं व्हतंय, आजच घेऊन जा. मला गाडी हवीय, ताई. पर माझ्यापायी त्या मानसाची भाकरी जाऊ ने."

गोरखसोबत कामथडीला जाताना ते लियाकतच्या गॅरेजपाशी थांबले. तिथं दाराशी एक निळी गाडी विकायला उभी होती. मामांनी भाचीला कोपरानं खुणावलं.

"ती माझीच," लियाकतनं आपण होऊन सांगितलं. "गोरखला दाखवलीय. त्याला मोठी पाहिजे, ही लहान पडती."

"शनिवारी तुम्ही ती पांढरी गाडी पाहिलीत?"

"पाहू कुठं दिली? मी म्हटलं, रबरं नसली तरी चालतंय, मी इंजिन बघतो, खालनं बघतो. मालक म्हणाले, आधी रबरं बसू द्या, उघडी गाडी शोभत नाही." लियाकतनं हात पुसले. "गिऱ्हाइकापुढं शोभा ठीक आहे. मिस्त्रीपुढं कसली शोभा?"

मानसिंगनं त्यांचं स्वागत तोंडभरून केलं. ताडपत्री आता निघाली होती आणि गाडी उन्हात चकाकत होती. नवी चटई, नवी रबरं.

"शनिवारी चोरी झाली तेव्हा तर मी हितं नव्हतोच," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी साताऱ्याला गेलो, ते शनिवारी सकाळी उशिरा आलो, तोवर रबरं गेलेली. माझा माणूसच चोर निघाला, दुसरं काय."

"गाड्यांच्या चाव्या?"

"हापिसातल्या कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडं, एक हिच्याकडं. पण उघडणाऱ्याला काय, तारेनंही उघडतं."

'ही' म्हणजे त्याची बायको मंगल. ऑफिसात बसून ती फोन घेत होती. राजनंदिनीनं तिला विचारलं, "वहिनी, तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

मंगलनं मान वर केली. "मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली, आणि जरा थांबून तिनं विचारलं, "मग आता पाहणी कवा हाय?"

फाटकावर धनाजी बसला होता. त्याचा डबा आणि घोंगडी बांधून तयार होती. "म्या रातभर हितंच व्हतो, ताई. मंगळवारी आन् शनवारी वहिनी लवकर आल्या, त्यांनी चहाला धाडलं, तेवढाच काय तो हललो. चटई नेऊन मी काय करू? घरी शेणानं सारवल्याली जमीन हाय."

मामांनी राजनंदिनीला बाजूला घेतलं. "मला कळलं. हा मानसिंगच चोर. पाहणी टाळायला त्यानंच केलं."

"पाहणी टाळायची तर बॅटरी काढायची, मामा. गाडी चालूच झाली नसती. आणि शनिवारी रबरं गेली तेव्हा तो साताऱ्यात होता. पण तुम्ही अगदीच चुकला नाहीत." तिनं फोन काढला. "लियाकतना बोलावते."

लियाकत येईपर्यंत ती गाडीभोवती हिंडत राहिली. मधल्या दारापाशी वाकून तिनं खालची चटई ओढून पाहिली. चटई हलली नाही.

सगळे गाडीपाशी जमले, तेव्हा ती शांतपणे बोलू लागली.

"चोरानं नवा टेप सोडला आणि चटई नेली. आपण सगळे काय गेलं तेवढंच बघत बसलो. मला वाटलं, ते गेल्यावर उघडं काय पडलं ते बघावं. मधल्या सीटखालची चटई काढली, तर तिथला पत्रा दिसतो. मधल्या दारांची रबरं काढली, तर दोन्ही बाजूंचे खांब दिसतात. खालून वर डावीकडं, खालून वर उजवीकडं. गाडीच्या पोटातून एकच रेघ जाते. चोर गाडी लुटत नव्हता. नेमकी तेवढीच जागा उघडी करत होता. आणि दोन्ही वेळा मिस्त्री यायच्या सकाळी."

तिनं चटईकडं बोट दाखवलं.

"मालकांनी मात्र दोन्ही वेळा ताडपत्री टाकली. नवी चटई तर गोंदानं चिकटवली. चटई धुवायला काढावी लागते, ती कुणी चिकटवत नाही. मिस्त्री, जरा उचला."

"गाडी खराब होईल," मानसिंग पुढं झाला. मामा त्याच्या वाटेत उभे राहिले. त्यांना अजून पुरतं उमगलं नव्हतं, पण वाट कुठं अडवायची ते कळत होतं.

लियाकतनं चटई फाडून काढली. खाली पत्र्यावर आडवी, जाड, रंगानं लपवलेली वेल्डिंगची रेघ होती. त्यानं दाराच्या खांबाला लोहचुंबक लावलं. ते चिकटलं नाही, खाली पडलं. आत पत्रा कमी आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, जास्त भरलेली होती.

"दोन गाड्या आहेत ह्या," तो हळूच म्हणाला. "ॲक्सिडेंटच्या असणार. एकीचं पुढचं, दुसरीचं मागचं. घाटात जोराचा धक्का बसला तर मधनं उघडंल."

गोरख खाली बसला. बायकोला फोन करायला त्याचा हात नकळत खिशाकडं गेला, पण त्यानं फोन लावला नाही.

मानसिंग धनाजीवर गरजला, "तूच हे..."

"म्या काढलं," मंगल म्हणाली.

ती ऑफिसच्या पायरीवर उभी होती.

"किल्ली तुमच्याकडं होती," राजनंदिनी म्हणाली. "धनाजींना चहाला तुम्हीच पाठवलंत. आणि चोर कोण हे न विचारता पाहणी कधी, एवढंच तुम्ही विचारलंत. तुमचं नाव मी घेणार नव्हते."

"ह्याला काढाया निघाले, मग मी कशी गप बसू?"

"वहिनी, मला नुसता फोन करायचा," गोरख म्हणाला.

"तुमी दुसरी गाडी घेतली असती. ही तिसऱ्याच्या गळ्यात गेली असती. मिस्त्रीच्या डोळ्याला दिसली असती, तर चार गावांत बोभाटा झाला असता."

मानसिंगचा आवाज खाली आला. "मला का न्हाई बोललीस?"

"बोलले व्हते. तुमी हसला."

गाडीचे नंबर लिहून घेऊन ते आपण आरटीओकडं आणि पोलिसांकडं देणार असल्याचं राजनंदिनीनं सांगितलं. मानसिंगनं विरोध केला नाही. तो गाडीच्या बोनेटला टेकून उभा राहिला आणि एकाएकी म्हातारा दिसू लागला. धनाजीनं घोंगडी सोडली आणि परत फाटकाशी अंथरली.

मामांना मंगलला काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. शब्द सापडायच्या आत ऑफिसातला फोन वाजला. ती आत गेली. तिचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.

"व्हय, हितनंच बोलतीय. पांढरी? न्हाई दादा, ती गाडी विकायची न्हाई."