पंखजाण

मसाई पठारावर विमानं उडवायला येणाऱ्यांच्या हातात आता रिमोट नसायचा. कपाळाला जाणपट्टी बांधायची, हलक्या बाल्सा लाकडाचं विमान वाऱ्यावर फेकायचं आणि डोळे मिटायचे. पंखांना लागणारा वारा पट्टी थेट मेंदूला कळवी, नि माणसाच्या दंडांवर, बरगड्यांवर तो भरू लागे. वळावंसं वाटलं की विमान वळे. विमान असं अंगाचं होऊन जाण्याला सगळे पंखजाण म्हणत.

केतकीनं तिचं विमान बाळंतपणातच घडवलं. तान्ही इनी झोपली की लाकडाच्या पट्ट्या तासायच्या, कागद ताणून चिकटवायचा, मधेच उठून पाजायचं. अंगाईही डिंक वाळेपर्यंतच. पुढे रोज थोडं उडवायची.

काल हर्षल वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेला आणि जागीच थिजला. कठड्यापाशी त्याची बायको उभी होती. इनीच्या काखांखाली नुसती बोटांची टोकं लावून तिनं तिला अधांतरी धरलं होतं. फेकण्याआधी विमानाचा तोल असाच बघतात. नाक जरासं खाली झुकायला हवं. मग केतकीनं वाऱ्याकडे तोंड केलं आणि धावण्यासाठी एक पाऊल मागे घेतलं.

"केतके!"

ती दचकली. इनी खिदळत होती.

"मला काही वाईट करायचं नव्हतं हो, मॅडम," आज ती डॉ. नाझनीन मुजावरांना सांगत होती. जाणपट्टी त्यांनीच बनवलेली. "वारा इतका छान होता. वाटलं, हिला आवडेल."

"आग लावतो त्या पट्टीला!" हर्षल म्हणाला.

"पट्टी काल कपाळावर नव्हतीच रे," केतकी हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "मेंदूत शरीराचा नकाशा असतो, बाळा. अंधारातही घास तोंडातच जातो ना, तो त्यामुळे. सवयीची वस्तूही त्या नकाशात शिरते. शिवाय बाळंतिणीचा मेंदू नकाशात मुलासाठी नवी जागा करतो. तुझ्या मेंदूनं एकच जागा केली, आणि त्याच दिवसांत विमान नि इनी दोन्ही तिच्यात शिरली. आता त्याला ती एकच वाटतात."

"मग विमानाला हाकला," हर्षल म्हणाला.

"जागा पुसता येते. पण पूर्ण. इनीसकट."

"म्हणजे मी तिला विसरेन?"

"नाव, जन्म, सगळं आठवेल. फक्त ती तुझ्या अंगाची राहणार नाही."

"आणि नाहीच पुसलं तर?" हर्षलनं विचारलं.

"तर हिच्याजवळ तिला एकटं सोडायचं नाही. वारा असेल तेव्हा तर मुळीच नाही."

"मॅडम, वारा नसतो कधी?" केतकी म्हणाली.

तिनं इनीला मांडीवर घेऊन पोटभर पाजलं. हर्षल बाळाचे दोन्ही पाय घट्ट धरून बसला होता; तिनं त्याला सोड म्हटलं नाही. मग इनीला त्याच्याकडे देत ती म्हणाली, "पुसा. जिवंत तर राहील."

पुसताना दुखलं काहीच नाही. ती उठून बसली तेव्हा इनी बाहेर हर्षलच्या खांद्यावर रडत होती. केतकीनं पदर सावरला, दाराशी जाऊन नीट कान देऊन ऐकलं. मग परक्या घरी पाहुण्यानं विचारावं तसं संकोचून तिनं विचारलं,

"मॅडम, भूक लागली असेल का हो तिला?"