सुटलेला तळ

"माझा बॉक्स तळातून उघडूच शकत नाही!"

दार उघडताच हे वाक्य भाऊजींच्या अंगावर आदळलं. त्यांना वाटलं, बाई कसला तरी अडकलेला डबा घेऊन आली आहे. "द्या इकडे, स्क्रूड्रायव्हर आहे घरात."

"भाऊजी, बाजूला व्हा आणि तिला बसू द्या," आतून वहिनींचा आवाज आला.

वहिनी खाजगी तपास करायच्या. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत काढली होती. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची, फोन घ्यायचे आणि चुकीचे निष्कर्ष काढायचे ही त्यांची कामं. तिसऱ्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं वहिनी म्हणत.

आलेली मुलगी घडीच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सची डिझायनर होती. ती बसली, पण खुर्चीच्या टोकावर. नळ्या साफ करायच्या ॲसिडच्या दोन काचेच्या बाटल्या मावतील असा एक बॉक्स तिने बनवला होता. एका दुकानातल्या विक्रेत्या बाईने तो फळीवरून उचलला आणि तळ सुटला. तिचे दोन्ही पाय भाजले.

"ती अजून दवाखान्यात आहे," डिझायनर म्हणाली. "आणि आमच्या कारखान्याचे मालक म्हणतात, पाप तुझंच. बाई, माझ्या बॉक्सच्या तळाला लांब जीभ असते. ती समोरच्या खाचेत पूर्ण आत जाते. वजन जितकं जास्त, तितकी ती घट्ट बसते. फुटलेल्या बॉक्सची जीभ आखूड आहे! नुसती टेकल्यासारखी बसते ती."

"मग तुझा मूळ नमुना दाखव त्यांना."

"तोच तर बदललाय! कपाटातून काढला तर आखूड जिभेचा निघाला. कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंगही तसंच, खाली माझं नाव. कॉम्प्युटर कोणीही उघडतं, पण त्या कपाटाच्या किल्ल्या फक्त मालक, त्यांचा मेहुणा आणि मी, एवढ्यांकडेच आहेत."

"नमुना बनवतेस कसा?"

"हाताने. फूटपट्टी धरून, कटरने, एकेक कड. मशीनचा संबंधच नसतो. ग्राहकाकडे चाचणीला जाणारे बॉक्सही मी असेच कापते. कापायचा साचा नमुना पास झाल्यावर बनतो." तिने मुठी आवळल्या. "आज दुपारी चौकशी अधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोर मी चूक कबूल करायची, असा हुकूम आहे. एकदा कबूल केलं की त्या बाईचे पाय मी जाळले, असंच जन्मभर राहील."

वहिनींनी चपला घातल्या. "भाऊजी, गाडी."

कारखान्यात शिरताच कच्च्या पुठ्ठ्याचा आणि गोंदाचा वास आला. मालकांच्या टेबलावर तो कोरा पांढरा नमुना ऐटीत उभा होता. मालक मात्र बसायलाही तयार नव्हते.

"मला पुठ्ठा शिकवायला आलात? ही बोटं बघा." वाकडी झालेली दोन बोटं त्यांनी वहिनींच्या नाकासमोर नाचवली. "उमेदीची वर्षं त्या पंचिंग मशीनवर घालवली आहेत. साचे लावून लावून ही गत झाली. मग कारखाना उभा केला. या पोरीने तो एका बॉक्सपायी धुळीला मिळवला."

"ड्रॉइंग साच्यासाठी पाठवण्याआधी तुम्ही पाहिलं होतं?"

"तज्ज्ञ ठेवलाय ना पगार देऊन! मी कशाला पाहू?"

एव्हाना भाऊजींनी नमुना उचलून त्याचा तळ उघडला होता. आतल्या कडेवरून बोट फिरवताच त्यांनी हात मागे घेतला. "कुसळ टोचल्यासारखं झालं."

"कुठे?"

"इथे. अन् इथेही. सगळ्या कडांना मधूनमधून बारीक खडबड आहे."

वहिनींनी पर्समधून भिंग काढलं, कडा पाहिल्या आणि भिंग ठेवून दिलं. "घडी होती तशी घाला, भाऊजी."

मेहुण्याची खोली शेजारीच होती. मालकीणबाईंचा हा धाकटा भाऊ विक्री सांभाळायचा. अत्तराचा वास त्याच्याआधी दारापर्यंत आला.

"विचारा, पण पटकन," तो घड्याळाकडे पाहत म्हणाला. "खाली मशीनकडे मी फिरकत नाही, धुळीने शिंका येतात. माझ्या टेबलावर बॉक्स येतो तो घडी घालून, उभा."

"म्हणजे तळाबद्दल तुम्हाला काहीच माहीत नाही."

"माहीत कसं नाही? ॲसिडवाल्या ग्राहकाकडच्या पॅकिंगच्या बायकांची रडगाणी मीच ऐकतो. ती जीभ खाचेत घुसवता घुसवता नखं मोडतात, अशी रोजची कटकट होती. आता बंद झाली बिचाऱ्यांची." तो हसला. "आमची डिझायनर स्वतःला शास्त्रज्ञ समजते हो. बायकांच्या नखांचा हिशेब शास्त्रात नसतो."

"भाजलेल्या बाईला भेटून आलात?"

"मी? माझा काय संबंध?"

वहिनींची कानशिलं लाल झाली. भाऊजींनी हे पाहिलं आणि पुढे काहीतरी भयंकर घडणार हे ओळखून ते आधीच दाराकडे सरकले.

"मशीनवालाच आहे," जिना उतरताना ते कुजबुजले. "कापतो तोच, बदलतो तोच."

"आणि कपाटाची किल्ली?"

"चोरली असेल."

"तुमचं तिसरं काम सुरू झालं."

पंचिंग मशीनवरचा कारागीर हात पुसत पुढे आला. तोही चिडलेलाच होता. "आम्हाला काय विचारता? साचा बाहेरून बनून आला, ऑफिसच्या ड्रॉइंगवरून. डिझायनर ताई रजेवर होत्या. नमुना वर कुलपात. आला तो साचा चालवला."

त्याने साचा दाखवला. लाकडी फळीत पोलादी पाती उभी बसवलेली होती. मशीनने दाब दिला की ती आख्ख्या शीटवर एकदम उतरत.

"पण मग तुकडे मशीनमध्येच सांडत नाहीत?" भाऊजींनी विचारलं.

"म्हणून तर पात्याला मधूनमधून बारीक खाचा पाडतो. तेवढ्या जागी पुठ्ठा कापला जात नाही, जोडलेला राहतो. शीट बाहेर आली की हाताने मोडून सुटे करायचे. मग कडेला टोचरे अवशेष उरतात. आम्ही त्यांना निक म्हणतो. ग्राहकाला दाखवायचा बॉक्स असेल तर मी एकेक निक पॉलिश पेपरने घासून काढतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे ते."

"आणि हा पांढरा ढीग?"

"मशीन जुळवताना आधी कोरी शीटं काढतो, ती. कोणीही उचलून नेतं."

वहिनींनी ढिगातला एक कोरा तुकडा उचलला. वर येऊन त्यांनी मालक, मेहुणा आणि डिझायनर तिघांना एका टेबलाभोवती उभं केलं.

"हा नमुना या मुलीने बनवलेला नाही," त्या म्हणाल्या. "ती कटरने कड कापते. कटरची कड सलग येते. या नमुन्याच्या कडांना निक आहेत. निक फक्त साच्याने कापलेल्या पुठ्ठ्याला येतात, आणि साचा नमुन्यानंतर बनतो. मुलाने बापाच्या आधी जन्म घ्यावा तसा हा नमुना आहे. खालच्या ढिगातला कोरा तुकडा कोणीतरी उचलला, घडी घालून कपाटात ठेवला आणि खरा नमुना नाहीसा केला."

मालकांनी नमुना ओढून घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्हाला दाखवावं लागलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही साचे लावले आहेत. तुम्ही हे केलं असतं तर निक घासून टाकले असते. या मुलीनेही तेच केलं असतं. कारागिराकडे किल्ली नाही. उरला किल्ली असलेला असा माणूस, ज्याने आयुष्यात बॉक्स फक्त उभा पाहिला. घडी घातलेल्या बॉक्सचे तळाचे निक आत लपतात. ते असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं."

"काय वाट्टेल ते!" मेहुणा उसळला. "मी कशाला बदलू?"

"तुम्हीच सांगितलंत. जीभ घुसवताना नखं मोडायची, आता कटकट बंद झाली. डिझाइन पहिल्यापासून आखूड जिभेचं होतं ना? आखूड जीभ नुसती टेकते. मग बायकांची नखं मोडली कशावर? चाचणीसाठी नेलेल्या लांब जिभेच्या बॉक्सवर. ग्राहकाला खूश करायला तुम्ही ही रजेवर असताना ड्रॉइंगमधली जीभ कापलीत. ग्राहकाला एक फोन लावला की बायका स्वतः सांगतील."

मेहुण्याने मालकांकडे पाहिलं. "दाजी, थोडीशीच तर कमी केली होती. मला काय माहीत ती..."

"विचारायचं होतंस!" डिझायनर इतक्या जोरात ओरडली की खालचं मशीन थांबलं. "एकदा विचारायचं होतंस मला! त्या बाईचे पाय जळल्यावर तू आधी काय केलंस? माझा नमुना फेकलास!"

मालक खुर्चीत बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, झालं ते वाईट झालं. अधिकाऱ्यांना सांगू, मशीनमध्ये बिघाड होता. तुझं नाव येणार नाही. घरातली गोष्ट आहे, घरातच..."

"बाकीचे बॉक्स कुठे आहेत?" डिझायनरने विचारलं.

मेहुणा टेबलावरची पेनं सारखी करू लागला.

"दुकानांत आहेत," वहिनी मेहुण्याकडे पाहत म्हणाल्या. "परत मागवले असते तर ग्राहकाने कारण विचारलं असतं आणि जिभेची गोष्ट निघाली असती. म्हणून मागवले नाहीत. या क्षणीसुद्धा कोणीतरी एखादा बॉक्स उचलत असेल."

भाऊजींना हे आत्ता उमगलं. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसाने टेबलावर मूठ अशी आपटली की पेनं उडाली.

"फोन लाव!" ते गरजले. "आत्ता, आमच्यासमोर! एकेका दुकानाला!"

मेहुण्याने पुन्हा मालकांकडे पाहिलं. या वेळी मालकांनी मान फिरवली आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

अधिकारी आले तेव्हा डिझायनर दारातच उभी होती. "चूक कोणाची ते सांगते," ती म्हणाली, "पण जरा थांबा. आधी त्यांचे फोन होऊ देत."

आत मेहुण्याचा आवाज घोगरा झाला होता. "हो, तोच... नाही, हलवू नका... खालून आधार न देता उचलू नका... होय, चूक आमची आहे... माझी."

त्याने फोन ठेवला. डिझायनरने ग्राहकाकडून मागवलेल्या यादीतल्या पुढच्या दुकानाचा नंबर सांगायला सुरुवात केली.