वाकळेच्या पोटातला घास

पुण्याहून अंकितानं ऑनलाइन मागवून पाठवलेला मांजराचा बिछाना गंगीनं एकदा हुंगला आणि त्याच्याकडं पाठ करून ती फरशीवर बसली. लेकीला हे फोनवर सांगायचं कृष्णात सुभेदारांच्या अगदी जिवावर आलं. त्यांनी बिछाना उन्हाला टाकला, खुर्चीवर ठेवून बघितला, शेवटी त्यात सुकट पेरली. गंगीनं सुकट बाहेर ओढली, फरशीवर खाल्ली आणि निवांत मिश्या पुसल्या. म्हातारपणी नखरे कमी होतात म्हणणाऱ्यानं गंगी पाहिली नव्हती.

पण थट्टेची वेळ नव्हती. कराडात थंडीच्या दिवसांत नदीकडचा गारठा फरशीत उतरतो, आणि गंगीचे मागचे पाय आता धरत होते. फरशीवर निजली तर हा हिवाळा काढायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बायको अर्जुनाबाई गेल्यापासून सुभेदार घरात बोलायचे ते एका गंगीशी. तीही गेली तर दिवसभरात तोंड उघडायचं ते डबा घेऊन येणाऱ्या माणसासमोर. त्या मुक्या घराची त्यांना सरळ भीती वाटत होती.

गंगी निजायची ती अर्जुनाबाईंच्या वाकळेवर. बाई गेल्यावर पाहुण्यांनी रिवाजाप्रमाणं त्यांचं अंथरूण बाहेर नेऊन टाकलं. तेव्हापासून त्या वाकळेखालची उघडी फरशी गंगीनं सोडली नव्हती.

मागच्या गल्लीतल्या रहिमतबी वाकळा शिवायच्या. त्या म्हणाल्या, "आवं सुभेदार, इकतचं अंथरूण मांजराला काय कळतंय? बाईचं लुगडं न्हाई का एखादं? त्येची शिवा."

पेटीत एक इरकल उरलं होतं. सुई ओवायला सुभेदारांची नजर पुरेना, ती रहिमतबींनी ओवून दिली. पुढचे टाके पलटणीत बटणं लावलेल्या हातांनी स्वतःच घालायचं त्यांनी ठरवलं.

"कोपरा मिटायच्या आधी वाकळंच्या पोटात भाकरीचा घास घाला," रहिमतबींनी बजावलं. "जेवढी निजणार तेवढं घास. मांजराचा एकच."

सुभेदार हसले. घरात भाकरी होती कुठं? गंगीशी बोलण्याच्या नादात अर्जुनाबाईंची भाकरी नेहमी एका कडेला करपायची; ती भाकरी त्यांच्याबरोबरच गेली. आता डबा खानावळीचा, त्यात चपात्या. त्यांनी काळ्या दोऱ्याचे लांब लांब टाके मारून कोपरा तसाच मिटवला आणि दोरा कात्रीनं कापला. अर्जुनाबाई कात्री हाताशी असली तरी दोरा दातानंच तोडायच्या. त्यावरून सुभेदारांनी त्यांना जन्मभर चिडवलं होतं.

वाकळ अंथरल्याबरोबर गंगी आली. चढली मात्र नाही. काठाशी बसून, मधल्या रिकाम्या जागेकडं बघत ती घुरघुरायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार पेपर वाचत होते. गंगी एकदम उठली, वीतभर बाजूला झाली आणि पुन्हा बसली. निजताना अर्जुनाबाईंनी "सरक गं" म्हटलं की ती अशीच सरकायची. पण म्हटलं कुणीच नव्हतं.

सुभेदारांनी वाकळेवर हात ठेवला. मधे खळगा पडला होता. मांजराच्या मानानं मोठाच. खिडकीतलं ऊन केव्हाच निघून गेलं होतं, तरी खळगा ऊबदार होता.

ते तडक मागच्या गल्लीत गेले. रहिमतबींनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"घास घातला न्हाईसा."

"भाकरी नव्हती, रहिमतबी."

"वाकळ उपाशी ठिवली व्हय? मग ती आपलं आपण बघती. जावा, दिस हाय तवर घाला."

घरी येऊन त्यांनी डब्यातल्या चपातीचा तुकडा मोडला आणि कात्री घेतली. कोपऱ्यावर त्यांचे लांब टाके नव्हते. बारीक, तिरपे, एकसारखे टाके होते.

त्यांनी ते उसवले.

आत ज्वारीच्या भाकरीचे दोन घास होते. मऊ. एका कडेला करपलेले.

गंगी हळूच वाकळेवर चढली. काठाला अंगाचं मुटकुळं करून निजली. उरलेली जागा तिनं सोडली होती.

एक घास गंगीचा. दुसरा कुणाचा, ते सुभेदार ओळखून होते. भीती वाटायला हवी होती. त्यांना वाईट वाटलं. आपल्या वाटणीचा घास त्यात नव्हता.

हातातला चपातीचा तुकडा त्यांनी त्या दोन घासांच्या शेजारी सारला.

सुई रिकामी होती. ओवून घ्यायला रहिमतबींकडं जायचं म्हणून ते दारापर्यंत गेले. काय सांगायचं ते सुचेना, तसे माघारी फिरले.

कोपरा मिटलेला होता.

त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं. दोरा दातानं तोडलेला होता. टोक अजून ओलं होतं.