बुरा न येणारं दही

प्रयोगशाळेच्या फळीवर दह्याची वाटी महिनाभर उघडी होती आणि तिच्यावर बुरशीचा एक ठिपका नव्हता. हीच वाटी दाखवून अन्वयाने डेअरीत नाव कमावलं होतं. आज तिला ती बघवेना.

"पुन्हा सांग, सोपं करून," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. खासनीस म्हणाले. "मला संचालकांना समजवायचंय."

"बुरशीला वाढायला मँगनीज लागतं, सर. आपलं रक्षक-विरजण दुधातलं मँगनीज आधीच गिळतं. बुरशी उपाशी मरते."

"आणि खाणारा?"

"एका डब्यापुरतं आपण तपासलं होतं, धोका नव्हता. पण लोक डबा संपवतात कुठे? चमचाभर मागे ठेवतात, विरजणाला. त्यातले सगळ्यात हावरे जंतू उद्याच्या दह्यात वाढतात, त्यांतलेही हावरे परवाच्या. आता ते पोटात गेल्यावरही थांबत नाहीत, जेवणातलं मँगनीज ओढून घेतात. मोठ्यांचं निभतं. दहीभातावर वाढणाऱ्या पोरांची हाडं भरत नाहीत."

"इतकी साधी गोष्ट सुचली नाही आपल्याला?"

"आमच्या घरीही रोज चमचाभर ठेवतात, सर. तरी नाही सुचली."

"तुझ्या घरी?" खासनीस दचकले.

"सासूबाईंचं जुनं विरजण आहे. डेअरीचं दही त्या दारात उभं करत नाहीत."

अन्वया घरी आली तेव्हा आठवडाभर गावी गेलेले सगळे दुपारीच परतले होते. सव्वा वर्षाची बबडी सतरंजीवर बसून चमचा आपटत होती. अजून उभी राहत नव्हती. "आईवर गेलीय, आळशी!" सासूबाई कौतुकानं म्हणायच्या.

ओट्याच्या कोपऱ्यात, डब्यांमागे, जाताना विसरलेली दह्याची वाटी होती. आठवडाभराची. झाकण काढताना अन्वया जन्मभर ज्या बुरशीशी भांडली तिलाच विनवत होती: एक हिरवा ठिपका. एवढासा.

दही पांढरंशुभ्र होतं.

"बघ की, जरासुद्धा बुरा नाही!" सासूबाई मागून म्हणाल्या. "आपलं विरजण मागच्या उन्हाळ्यात बिघडलं, तेव्हा समोरच्या लीलाताईंकडून चमचाभर आणलं. तुझ्याच डेअरीचं म्हणे. तुला बोलले नाही, उगाच शेफारशील. आता गावालाही नेलं होतं, सगळ्यांनी मागून घेतलं बाई."

बबडीला आई दिसली. ती खुदकन हसली आणि बसल्या बसल्याच तिनं दोन्ही हात वर केले.